पाण्यात पाहणारं घर

चष्मेवाल्याला घाण काच खपत नसे. गिऱ्हाईक दुकानात येऊन बसलं की आधी त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घ्यायचा, फडक्यानं लख्ख पुसायचा, आणि मग विचारायचं, "हं, काय त्रास होतोय?" निम्म्या लोकांचा त्रास तेवढ्यातच संपायचा आणि ते ओशाळून घरी जायचे. बायको म्हणायची, "अहो, असंच चाललं तर दुकानात तुम्ही आणि आरसे एवढेच उराल." त्यावर तो हसायचा आणि तिच्याही नाकावरचा चष्मा काढून पुसायला घ्यायचा.

अशा माणसाच्या घरात, ऐन बैठकीच्या खोलीत, चार फुटी काचेची टाकी हिरवीगार होऊन उभी होती. काचेवर शेवाळ नव्हतं, काच तो रोज खरवडत होता. पाणीच हिरवं झालं होतं, पालक उकडून काढल्यावर पातेल्यात उरतं तसं. आत लावलेली झाडं, निळ्या-लाल निऑन माशांचा थवा, तळाशी वाळू हुंगत फिरणारा मिशाळ मासा, सगळं त्या हिरव्यात गडप. एखादा मासा अगदी काचेला येऊन टेकला तर दिसायचा, वळला की नाहीसा व्हायचा.

टाकी भिंगरीची. भिंगरी म्हणजे त्याची एकुलती लेक. शाळेच्या दाखल्यावर तिचं चारचौघींसारखं नाव होतं, पण भिंगवाल्याची पोर आणि पाय म्हणून एका जागी ठरत नाही, तेव्हा भिंगरीशिवाय दुसरं काय म्हणणार? कॉलेजात गेल्यावर तिला स्वतःची खोली हवीशी झाली. दोन खोल्यांच्या घरात तिसरी काढायची कुठून? शेवटी बैठकीच्या खोलीत लाकडी पार्टिशन घातलं आणि पलीकडे तिची कॉट टाकली. बाईसाहेबांनी पार्टिशनमध्ये भलीमोठी खिडकी ठेवायला लावली आणि त्या खिडकीत, खाली लोखंडी स्टँड देऊन, ही टाकी बसवून घेतली. इकडे सोफ्यावर बसलं की पाण्यातून, झाडांच्या फितींसारख्या लांब पानांमधून, कॉटवर लोळत वाचणारी भिंगरी दिसायची. आईनं अभ्यासाची आठवण करून दिली की ती पलीकडून काचेला नाक चेपून डोळे तिरळे करायची. मैत्रिणींना सांगायची, "आमच्याकडे सगळे एकमेकांना पाण्यात पाहतात." लोक पाण्यात पाहतात ते वैर असलं की. या घरानं ते मायेपोटी केलं, आणि बरीच वर्षं केलं.

मग साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलेली भिंगरी घरी आलीच नाही. रक्तात काहीतरी पसरलं, असं डॉक्टर म्हणाले. ते त्या दोघांनाही नीट कळलं नाही, आणि कळून उपयोगही नव्हता. माणसं येऊन गेली, जाताना चपला शोधताना झालेला गोंधळही संपला, घर पुन्हा दोघांचं झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत पाण्यावर हिरवट झाक यायला लागली आणि बघता बघता ती टाकीभर झाली.

चष्मेवाल्याला ते पाणी साफ व्हायलाच हवं होतं, आणि या खेपेला कारण टापटिपीचं नव्हतं. त्याला लेकीचा चेहरा आठवेनासा झाला होता. ही गोष्ट तो कोणापाशी बोलला नव्हता. बापानं असं बोलायचं तरी कसं? घरात ढीगभर फोटो होते, पण फोटोतली भिंगरी फोटोसाठी हसलेली. त्याची भिंगरी पाण्यापलीकडची, जराशी हलणारी, आहे त्याहून जराशी मोठी दिसणारी. डोळे मिटून आणायला गेला की पाणी यायचं, पानं यायची, आणि चेहरा येता येता सगळं हिरवं व्हायचं. त्याला वाटायचं, एकदा हे पाणी नितळलं की ती आठवेल. वेडेपणा होता, आणि तो त्यालाही कळत होता.

तो हात धुऊन त्या पाण्याच्या मागे लागला. दुकान बंद करून आला की शर्टच्या बाह्या वर करायचा, रबरी नळी टाकीत सोडायचा, बादल्यामागून बादल्या मोरीत ओतायचा, आणि ताजं पाणी भरायचा. फिल्टरचा स्पंज तर नळाखाली धरून चोळचोळ चोळायचा, नव्यासारखा पांढरा होईपर्यंत. सकाळी पाणी जरा बरं दिसायचं. एखाद-दोन दिवसांत पुन्हा होतं तसं. बायको दारात उभी राहून बघायची, "कंबर धरेल एक दिवस," एवढंच म्हणायची आणि ओली फरशी पुसायला घ्यायची.

शेवटी एका दुपारी दुकानाला कुलूप घालून तो वकिलाकडे गेला. वकील म्हणजे टाकीतले मासे विकणारा दुकानदार. हे नाव भिंगरीचंच, कारण एक मासा मागायला जावं तर हा गृहस्थ उलटतपासणी घेतल्याशिवाय जाळी हातात धरायचा नाही.

"लाइट किती वेळ असतो?" वकिलानं सुरुवात केली.

"टायमर लावलेला आहे. सकाळी थोडा, संध्याकाळी थोडा."

"ऊन येतं का टाकीवर?"

"पडदा असतो कायम."

"खायला कोण घालतं?"

"आमची ही. चिमूटभर."

"मग तुमचं पाणी इतकं हिरवं राहूच शकत नाही," वकिलानं निकाल देऊन टाकला. "काका, कोणीतरी खोटं बोलतंय. तुम्ही नाहीतर टायमर. आणि फिल्टर कसा धुता?"

चष्मेवाल्यानं जरा अभिमानानंच सांगितलं.

"अहो, तो फिल्टर आहे, चष्मा नाही! त्या मळातल्या जिवाणूंवरच तर टाकी चालते. टाकीतल्याच पाण्यात नुसता पिळायचा." मग त्यानं उपाय सांगितला. टाकीवर दोन्ही बाजूंनी जाड पांघरूण घालायचं आणि तीन-चार दिवस मिट्ट काळोख ठेवायचा. खाणं बंद, हवेचा पंप चालू, आणि मधे डोकवायचं नाही. "उजेडच नाही तर ते हिरवं जगणार कशावर? नंतर अर्धं पाणी बदला. आणि माशांची काळजी करू नका. हिरवं पाणी माशांना बाधत नाही, बघणाऱ्याला बाधतं." चष्मेवाला निघाला तसं त्यानं मागून विचारलं, "ताई नाही आली आज?"

"नाही," चष्मेवाला म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

तिथून दुकानात न जाता तो सरळ घरी आला. किल्लीनं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकला. बाहेरच्या खिडकीचा पडदा पार बाजूला सारलेला, ऊन थेट टाकीवर. भर दुपारी टाकीचा लाइट चालू. टायमर काढून स्टँडवर ठेवलेला आणि प्लग सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये. बायको टाकीपाशी उभी होती आणि माशांच्या खाण्याची डबी पाण्यावर झटकत होती. चिमूटभर नव्हे, चांगलं चमचाभर.

"अगं, हे काय?"

ती दचकली. डबीचं झाकण लावायला गेली, ते लागेना.

"रोज करतेस हे?"

"तुम्ही गेलात की करते. यायच्या आधी सगळं जागच्या जागी ठेवते."

"मी तिकडे बादल्या उपसून उपसून मरतोय, आणि तू..." त्याचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो तिच्यावर असा ओरडला नव्हता. "मला काय वेड्यात काढतेस?"

"पाणी साफ झालं की कॉट दिसते हो," ती म्हणाली.

त्यानं हातातली किल्ली स्टँडवर ठेवली.

"तुम्ही सकाळी उठून जाता," ती डबीकडे बघत बोलत राहिली. "मी इथेच असते. भाजी निवडायला बसले तरी समोर तेच, कपड्यांच्या घड्या घालायला बसले तरी तेच. मागे तुम्ही पाणी बदललंत, त्या सकाळी उशी दिसली मला. तिची उशी. दिवसभर घास गेला नाही. हिरवं असलं की वाटतं, आहे ती पलीकडे. फक्त दिसत नाही."

चष्मेवाला सोफ्यावर बसला. जे कोणापाशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, ते त्याच्या तोंडून गेलं. "आणि मला ती आठवत नाही गं. तिचा चेहराच येत नाही डोळ्यांपुढे. त्या पाण्यातून दिसायची तेवढीच माझ्याकडे होती."

रडावं की जवळ जावं ते तिला कळेना, म्हणून ती आत जाऊन त्याच्यासाठी पाणी घेऊन आली. तो ते प्यायला. मग वकिलानं काय काय सांगितलं ते तिला सांगितलं, पांघरुणाचं, काळोखाचं. आणि स्वतःच म्हणाला, "पण राहू दे. माशांना काही होत नाही म्हणतो. राहू दे हिरवं." उठून त्यानं बादल्या मोरीच्या कोपऱ्यात पालथ्या घातल्या.

त्या दिवसापासून त्यानं टाकीला हात लावला नाही. सोफ्यावर बसायचंही सोडलं. संध्याकाळी आला की खुर्ची ओढायचा, दाराकडे तोंड करून बसायचा आणि पेपर उघडायचा. पान काही उलटायचं नाही. बायकोला ते पाठमोरं बसणं दिसत होतं. आपलं माणूस आपल्यासाठी गप्प बसलंय याचा आधी तिला आधार वाटला, आणि मग तेच तिला सोसेना.

एका संध्याकाळी तो घरी आला तर टाकी झाकलेली होती. एक पांघरूण या बाजूनं, एक त्या बाजूनं, कडांना कपडे वाळत घालायचे चिमटे. लाइटचा प्लग काढलेला. आतून पंपाची गुळगुळ तेवढी ऐकू येत होती.

"हे तू केलंस?"

"जाड पांघरूण हवं होतं ना? घरातलं सगळ्यात जाड तुमचंच. आता कुडकुडा रात्रभर." एवढं म्हणून ती वळली, पण स्वयंपाकघराच्या दारात थांबली. "काढताना मात्र मी घरात नसेन. मी बाजारात जाईन, तेव्हा काढा. मला जमणार नाही."

मधले दिवस विचित्र गेले. तिचा हात सवयीनं डबीकडे जायचा आणि परत यायचा. त्यानं एकदा पांघरुणाचं टोक जरासं उचललं तर ती आतून ओरडली, "डोकवायचं नाही!" त्यावर दोघंही हसले. भिंगरी गेल्यानंतर दोघं मिळून हसण्याची ही पहिलीच वेळ, आणि हसून झाल्यावर दोघांनाही अपराध्यासारखं वाटलं.

सुटीच्या दिवशी सकाळी तिनं पिशवी घेतली, "येते मी," म्हणाली. तो मोरीत बादल्या भरत होता. दार लागल्याचा आवाज त्यानं ऐकला. बादली बाहेर आणून ठेवली. त्यानं ठरवलं होतं, आधी इकडचं पांघरूण काढायचं, पलीकडचं मागाहून. कॉट बघायचा धीर त्यालाही कुठे होता? त्यानं एकेक चिमटा काढला आणि पांघरूण ओढलं.

समोर काळोख असायला हवा होता. पण पलीकडचं पांघरूण आधीच उतरवलेलं होतं आणि तिकडच्या खिडकीचा उजेड टाकीतून आरपार येत होता. पाणी अजून किंचित धुरकट, पण हिरवं नाही. पानं जरा फिकटलेली, निऑन घाबरून एका कोपऱ्यात. आणि पाण्यापलीकडे, कॉटवर, कोणीतरी निजलं होतं. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, तोंड टाकीकडे.

पानं हलली, तो चेहरा जरासा हलला, जरासा मोठा झाला, आणि क्षणभर ती भिंगरी होती. कपाळ, भुवईपाशी पडणारी बारीक आठी, हनुवटी, सगळं त्याला एका झटक्यात आठवलं. मग कानामागचे पांढरे केस दिसले. बायको होती. पिशवी कॉटखाली टाकलेली. बाजारात ती गेलीच नव्हती, दाराचा नुसता आवाज केला होता. ज्या उशीकडे तिला बघवत नव्हतं, त्याच उशीवर डोकं ठेवून ती पडली होती, त्याला कॉट रिकामी दिसू नये म्हणून.

चष्मेवाल्यानं काचेला दोन्ही तळवे टेकले आणि तो मोठ्यानं रडायला लागला. लेक गेली तेव्हा माणसांत रडला होता तसं नव्हे, हुंदके देऊन, लहान मुलासारखा.

बऱ्याच वेळानं टाकीवरच्या फटीतून तिचा आवाज आला. "झालं का साफ?"

"झालं."

"दिसली का ती?"

"दिसली," तो म्हणाला.

"मग या ना इकडे," ती म्हणाली. "मला एकटीला इथून उठता येत नाहीये."