कौशल्येचा तांबडा चंद्र

कापसाला सोन्याचा भाव आला त्या सालची गोष्ट. सातासमुद्रापलीकडे कुठे तरी लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि इकडे वऱ्हाडात पागोटी एकाएकी दोन-दोन हात लांब झाली. अमरावतीहून बडनेऱ्याला जाताना जे गाव लागतं, तिथल्या केशवरावांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, घरावर माडी चढवली, बायकोला मोत्यांची नथ केली.

त्यांच्या शेजारच्या सुभद्रेनं हे सगळं गिळलं. शेंब्या गिळल्या, माडी गिळली, नथ जरा अडकली पण तीही गेली. ती माळ्याची बाई. वांग्याचा, मिरचीचा भावही वाढला होता, नाही असं नाही. पण वांग्याच्या गाठी बांधून कोणी मुंबईला नेत नाही. शिवाय केशवरावांची बायको कौशल्या आणि ती दोघी तिवशाच्या, एकाच आळीत वाढलेल्या. मैत्रिणीची नथ आपल्याला खुपते हे स्वतःशीसुद्धा कबूल करायची तिला लाज वाटे.

पण केशवरावांनी अकोल्याहून एकशे दहा रुपयांची पितळी दुर्बीण आणली, आणि ती काही सुभद्रेच्या गळ्याखाली उतरेना.

कारण आभाळ सुभद्रेचं होतं. म्हणजे सातबारा नव्हता तिच्या नावावर, पण गाव तसंच समजत होतं. तिचा बाप तिवशाला मळ्याच्या माचाणावर बसून डुकरं हाकलायचा आणि लेकीला चांदण्या दाखवायचा. मृगातल्या तीन चांदण्यांचं तिकांडं कुठं आलं म्हणजे दळायला बसायचं, सप्तर्षींची बाज कुठं कलली म्हणजे गाडी जुंपायची, हे तिला विचारून गाव चालायचं. कापसाच्या गाड्या निघायच्या आदल्या संध्याकाळी मोठे मोठे कुणबी तिच्या कुडापाशी येऊन म्हणायचे, "सुभद्राबाई, उद्या कवा निघाव वं?" त्या एका प्रश्नावर ती वर्षभर ताठ चालायची.

दुर्बीण आली आणि कुडापाशी येणारे पाय माडीच्या जिन्याकडे वळले.

पहिल्याच शुक्रवारी कौशल्येनं माडीवर हळदीकुंकू केलं. सुभद्राही गेली, न जाऊन सांगते कुणाला? दुर्बीण पाटावर बसवलेली होती. नव्या वस्तूची पूजा झाल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, मग नांगर असो की पाळणा. तशी हिचीही झाली होती. पुढच्या मोठ्या काचेवर हळद, कुंकू, चार अक्षता, झेंडूचं फूल. मग फूल काढून ती कठड्यावर टेकवली आणि एकेक बाई चंद्र बघायला लागली.

"तांबडा दिसते वं माय," माणिकबाई म्हणाली.

"तसाच हाय तो," कौशल्या म्हणाली. "आपल्याले खालून पांढरा दिसते. आतून तांबडा."

सुभद्रेची पाळी आली. तिला एक विटकरी धुकं दिसलं, आणि धुक्यात कुणी तरी दिवा घेऊन उभं असावं असा उजेड. चंद्राची ओळखही पटली नाही.

"दिसला का?" कौशल्येनं विचारलं.

"दिसला," सुभद्रा म्हणाली, आणि घरी येऊन भाकरी इतक्या जोरानं थापल्या की नवरा जानराव बाहेरून म्हणाला, "तव्यावर कोनाचा राग काढून राहिली?"

चार दिवसांनी तिनं पाटल्यांसाठी साठवलेल्या पैशाचं गाडगं त्याच्यासमोर उपडं केलं. माळव्याची पाटी डोक्यावर घेऊन चार वर्षांत जमवलेले पंचवीस रुपये.

"मले दुर्बीन पायजे."

जानरावानं पैशाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "केशवरावानं हत्ती घेतला असता तं?"

"हत्तीले मी कायले रडली असती? हत्ती जमिनीवर चालते."

अकोल्याला रेल्वेच्या कामावरच्या छावणीत लसूण-मिरचीला गिऱ्हाईक होतंच. चैत्रात त्यानं गाडी भरली, तिला वर बसवलं, आणि बडनेरा, मूर्तिजापूर असे मुक्काम करीत दोघं अकोल्याला पोचली.

चंद्रभान मारवाडी परत जाणाऱ्या साहेबांचं सामान विकत घेऊन विकायचा. त्याच्या दुकानात खुर्च्या होत्या, चिनीमातीच्या बशा होत्या, एक पेटारा भरून नुसते बूट होते. माळीण दुर्बीण मागते म्हटल्यावर तो हसला नाही. त्या साली कोण काय मागेल याचा भरवसा उरलेला नव्हता.

"कितने की चाहिए, बाई?"

"पंचवीसची. पन कौशल्येच्यापेक्षा लांब पायजे."

"कौन कौशल्या?"

"लांब दाखवा तुमी," जानराव मधे पडला.

चंद्रभाननं तीन काढून ठेवल्या. पहिली केशवरावांच्या दुर्बिणीची सख्खी बहीण. तिचा भाव ऐकून सुभद्रेनं तिच्याकडे पाठ फिरवली. दुसरी नवी कोरी, लाल रंगाची, सोनेरी पट्ट्यांची, तोंड ताटलीएवढं. आणि लांब तर अशी, की कौशल्येची तिच्या शेजारी लाटण्यासारखी दिसली असती. वीस रुपये. तिसरी आखूड, काळी, चामडं सोललेलं, पोटाला पोचा पडलेला. खाली तीन पायांची लाकडी घोडी. चोवीस रुपये.

सुभद्रेचा हात सरळ लालीकडे गेला. विकत घ्यायच्या आधीच ती तिची झाली होती. सवयीनं तिनं कपाळाचं कुंकू बोटावर घेतलं आणि दुर्बिणीच्या मोठ्या काचेला लावायला वाकली.

चंद्रभाननं तिचा हात वरच्या वर थांबवला. "ना ना, बाई. काच को उंगली नहीं. सब लोग यही करते हैं. घर ले जाके पूजा करते हैं, काच पे कुंकू, हल्दी, तेल. फिर आके मेरे से झगड़ते हैं, शेठ, इसमें तो सब लाल दिखता है, माल खोटा है."

सुभद्रा बोट तसंच वर धरून उभी राहिली. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, की जानरावाला वाटलं हिला पाटल्या सापडल्या.

"आन मंग साफ कशी करायची?"

"पहले फुंकर. फिर धुला हुआ मलमल, हल्के हाथ से. बस."

तांबडा चंद्र. आतून तांबडा. दर शुक्रवारी त्या काचेवर नवं कुंकू चढत असणार, त्यावर निरांजनाची काजळी, त्यावर तेलाचं बोट. एकशे दहा रुपये देऊन कौशल्या स्वतःचंच कुंकू बघत होती. सुभद्रेला इतका आनंद झाला की तिला दुकानातल्या बशासुद्धा आवडल्या.

"घेऊ मंग हे लाल?" जानरावानं विचारलं.

आता मात्र ती सावकाश झाली. बाजारात बसणारी बाई ती. चकाकणारं वांगं देठ बघितल्याशिवाय घेत नाही. विहिरीत डोकावतात तशी ती लालीच्या मोठ्या तोंडात डोकावली. आत एक काळी पुठ्ठ्याची चकती होती, आणि चकतीच्या मधोमध रुपयाएवढं भोक.

"शेठ, हे काय हाय?"

चंद्रभान जरा खाकरला. "वो... काच का किनारा हलका है. इसलिए ढक दिया."

"म्हंजे तोंड ताटलीएवढं आन पाहाचं रुपयातून."

तिनं लाली उचलून किल्ल्याच्या बुरुजाकडे रोखली. बुरुज दिसला, पण तिच्या श्वासाबरोबर तो नाचत होता, आणि त्याच्या कडेला निळी-पिवळी किनार लागली होती, नव्या लुगड्यासारखी. मग तिनं काळी दुर्बीण घोडीवर चढवली, हात सोडला आणि नुसता डोळा लावला. बुरुजावर एक पारवा बसला होता. त्याच्या मानेवरचा हिरवा रंग दिसला. त्याचा तांबूस डोळा दिसला, आणि तो डोळा मिटून उघडलेलासुद्धा.

ती बराच वेळ वाकूनच राहिली.

मग उभी राहून तिनं पुन्हा लालीकडे पाहिलं. लाली माडीवरून दिसली असती. गावच्या पलीकडच्या टोकावरून दिसली असती. काळीला तर लोक मोटेची फाटकी सोंड समजले असते. दोन दुर्बिणींच्या मधे ती अशी उभी होती, जशी दोन मागण्यांच्या मधे पोरगी.

"लांबीच पायजे अशीन तं दोर घे," जानराव म्हणाला. "विहिरीले तरी कामी येईन."

तिनं काळी घेतली. शहाणपणानं घेतली असं मी म्हणणार नाही. कौशल्येला पारव्याचा डोळा दिसत नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

वैशाखातल्या शुद्ध अष्टमीला, दिवेलागणीनंतर, सुभद्रेनं विहिरीच्या थाळ्यावर, मोटेचं पाणी पडतं तिथं, घोडी मांडली आणि कौशल्येसकट सगळ्या बायकांना बोलावलं. काचेला कुणी हात लावू नये म्हणून स्वतः तिथे उभी राहिली. हळदीकुंकू झालं, पण बायकांच्या कपाळांना. आणि चंद्र धुक्यात दिवा धरून बसलेला नव्हता; पांढरा स्वच्छ, अर्ध्यावर कापलेला, कापल्या कडेला खड्डेच खड्डे, आणि एकेका खड्ड्यात सावली.

माणिकबाईनं डोळा लावला आणि काढला. "देवीचे वन हायेत वं तोंडावर."

"आन रंगच नाई," तानुबाई म्हणाली. "पांढराफटक."

"स्वस्तातली अशीन."

"हो माय. कौशल्याबाईच्या दुर्बिनीत कसा भरलेला दिसते. तांबडालाल."

सुभद्रेच्या ओठांवर सगळं आलं. कुंकू, काजळी, मलमल, चंद्रभान, सगळं. एक वाक्य बोलली असती तर माडी पायरीपायरीनं खाली आली असती. पण ते वाक्य बोललं की कौशल्या घरी जाऊन काच पुसणार. आणि पुसलेली ती मोठी काच या काळीला कुठल्या कुठं मागं टाकणार, हे सुभद्रेला त्या थाळ्यावर उभ्या उभ्या कळलं. तिनं वाक्य गिळलं. नथीपेक्षा जड गेलं.

बायका गेल्या. कौशल्या मागं राहिली. तिनं नथ हातानं वर धरून पुन्हा डोळा लावला आणि पुष्कळ वेळ काढलाच नाही.

"हे खड्डे माझ्यात नाई दिसत," ती शेवटी म्हणाली.



"यायले दुर्बीन म्याच मागितली," कौशल्या तशीच वाकून बोलत होती. नवऱ्याचं नाव ती अर्थातच घेत नव्हती. "म्हटलं, माडी नको, नथ नको, दुर्बीन आना. माडीनथ तं आधीच आली होती म्हना. तिवशाले असल्यापासून सगळे तुलेच इचारतात. माया बाप बी तुलेच इचारे. मले कोनी कवा इचारलं नाई, सुभद्रे, का कोनची चांदनी कोनची. म्हटलं, येक डाव तरी मले इचारतीन."

म्हणजे इतकी वर्षं ही जळत होती, आणि आपल्याला पत्ता नाही. सुभद्रेला आधी गंमत वाटली, मग बरं वाटलं, मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं. पण सांगितलं तिनं तरीही नाही. पौर्णिमा होऊ दिली. पौर्णिमेला माडीवर पुन्हा तांबडा चंद्र निघाला, बायकांनी वाहवा केली, आणि सुभद्रा घरी एकटीच पांढरा बघत बसली.

त्यानंतर चौथ्या दिवशी ती मलमलचा तुकडा घेऊन माडी चढली. याला कुणी चांगुलपणा म्हणू नये. आता चंद्र उशिरा उगवत होता आणि पूर्वेला गुरूची मोठी पिवळी चांदणी एकटीच वर येत होती. काळीतून तिच्याशेजारी दोन बारीक ठिपके दिसायचे. ते काचेवरची धूळ की खरोखरचं काही, हे सुभद्रेला चार रात्री झोपू देत नव्हतं. मोठी काच शेजारी होती. फक्त तिच्यावर कुंकू होतं.

तिनं सांगितलं. कौशल्या ऐकत राहिली. मग पाटावरच्या दुर्बिणीजवळ गेली, दिवा जवळ धरला, काचेवर फुंकर मारली आणि तांबडी भुकटी उडून तिच्याच नथीवर बसली.

"म्हंजे इतके दिवस मी तिच्या डोळ्यात कुकू घालून राहिली होती."

"हो."

"कवा समजलं तुले?"

"अकोल्याले."

"चैतात." कौशल्येनं बोटं मोजली. "महिना झाला."

"हो."

कौशल्येनं मलमल तिच्या हातातून घेतलं. "मी असती तं वरीस काढलं असतं," ती म्हणाली, आणि पुसायला बसली.

पुसायला वेळ लागला. सुभद्रा मधेमधे "हलक्या हातानं" म्हणत होती आणि कौशल्या "मालूम हाय" म्हणत होती. मग सुभद्रा घरी जाऊन आपली तीनपायी घोडी घेऊन आली. मोठी दुर्बीण तिच्यावर बसेना, म्हणून सुंभानं बांधली. दुर्बीण कौशल्येची, पण गुरू शोधून तीत बसवला सुभद्रेनं, म्हणून पहिला डोळा तिनंच लावला.

धूळ नव्हती. गुरू वाटोळा होता, चांदणीसारखा टोकदार नव्हताच. आणि त्याच्या दोन्ही अंगाला, एका ओळीत, सुईच्या टोकाएवढ्या चार चांदण्या. चार. काळीत दोनच होत्या. सुभद्रेची जुनी आग एकदम भडकली; ही काच आपली नाही, उद्याही नसणार, आणि उद्या ही बाई रोज संध्याकाळी इथे बसून चार बघणार.

"काय दिसते?" कौशल्येनं विचारलं. 

"चार चांदन्या. गुरूले लागून."

"कोनत्या हायेत त्या? नाव काय?"

आभाळातल्या कुठल्याच गोष्टीबद्दल असं उत्तर सुभद्रेनं आजवर कुणाला दिलेलं नव्हतं.

"मले नाई माहीत," ती म्हणाली.

"सरक मंग. मले पाहू दे."

"थांब," सुभद्रा म्हणाली, आणि डोळा न काढता तिनं एका हातानं कौशल्येला मागं धरून ठेवलं.