तिसऱ्या मजल्याची फी

आमचे थोरले भावोजी दर रविवारी आईला भेटायला येतात, म्हणजे आमच्या खिडकीखाली येतात. रस्त्यावरून हाक मारतात, "आई, बरी आहेस ना?" तिसऱ्या मजल्यावरून सासूबाई म्हणतात, "बरी आहे." झाली भेट! इमारतीला लिफ्ट नाही आणि जिना चढला की भावोजींना धाप लागते. सासूबाईंचे तर दोन्ही गुडघे गेलेत. दोन वर्षांत त्या खाली उतरलेल्या नाहीत. भाजी, दूध, औषधं, सगळं दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर येतं.

म्हणून समोरच्या इमारतीतलं तळमजल्याचं घर विकायला निघालंय हे कळलं, तशी मी शिलाईचं मशीन सोडून उठले. मी घरीच कपडे शिवते. आमचं घर विकायचं आणि ते घ्यायचं असं ठरलं, आमच्या घराला गिऱ्हाईकही मिळालं. फक्त तळमजल्याच्या मालकाने बजावलं की शुक्रवारपर्यंत तुमच्या वकिलाचं पत्र आलं नाही, तर घर दुसऱ्याला जाईल. सासूबाई दिवसभर खिडकीतून त्या दाराकडे बघत बसायच्या. "दोनच पायऱ्या आहेत गं," हे मला रोज चारदा सांगायच्या. नवऱ्याला विचारलं, तर त्याचं नेहमीचं, "तू म्हणशील तसं."

अडलं ते वकिलापाशी. भावोजींनी एक स्वस्त वकील शोधला. त्याच्या कागदावर एकच ओळ, एकच रक्कम. मी माझ्या एका गिऱ्हाइकाच्या ओळखीने वकीलबाई गाठली. घर सासूबाईंच्या नावावर, म्हणून ती आधी वर येऊन त्यांना भेटली आणि मग खर्चाची यादी पाठवली. नऊ ओळी, आणि बेरीज भावोजींच्या वकिलाच्या दुप्पट. बेरीज मीही दोनदा करून पाहिली, खोटं कशाला बोलू!

गुरुवारी सकाळी भावोजी मुद्दाम आले, खिडकीखालीच. मी यादी टोपलीतून खाली सोडली.

"नऊ ओळी!" भावोजी रस्त्यावरून ओरडले. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! उगाच म्हणत नाहीत, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये!"

खालच्या किराणावाल्याने मान डोलावली. त्याला कुणाचंही पटतं.

"भावोजी," मी खिडकीतून ओरडले, "मला सोडून तुम्ही त्या स्वस्त शिंप्याकडे कोट शिवायला टाकला होता, आठवतंय? शिलाई निम्मी सांगितली आणि अस्तर, बटणांचे पैसे वेगळे लावले. खिशांचे पैसेसुद्धा वेगळे घेतले!"

"त्याचं इथे काय?"

"तेच तर! काल तुमच्या वकिलाला फोन करून विचारलं, ही नुसती शिलाई की अस्तर-बटणं धरून? आधी हसला. मग एकेक बाहेर काढायला लागला. सरकारी शुल्क वेगळं, नकला वेगळ्या. एक घर विकायचं, एक घ्यायचं, म्हणून फी दोनदा. व्यवहार मोडला तरी ती पूर्ण द्यायची. सगळं मांडलं तर तुमचा वकीलच महाग पडतो! वकीलबाईच्या यादीत सगळं धरलंय, आणि व्यवहार मोडला तर झालं तेवढ्याच कामाचे पैसे. 'टपाल व इतर' होतं, त्यातलं 'इतर' म्हणजे काय विचारलं, तर तिने निमूट खोडलं."

पण हार मानतील तर ते भावोजी कसले! यादीवरून बोट फिरवत ते सातव्या ओळीवर थांबले.

"आणि हे काय? 'घरी येऊन कागद वाचून दाखवणे, दोन वेळा.' घरी येण्याची फी? पाहुणीसारखी आली, चहा प्यायली, वर पैसे आपणच द्यायचे?"

आता खिडकीचा गज धरून सासूबाई पुढे वाकल्या.

"ती बाई तीन जिने चढून आली," त्या म्हणाल्या. "तासभर माझ्याजवळ बसली. सुनेला बाहेर पाठवून मला एकटीला विचारलं, आजी, घर तुमच्या मर्जीनं विकताय ना? दोन वर्षांत माझी मर्जी कुणी विचारली नव्हती रे." मग गजातून खाली बघत म्हणाल्या, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, खरंय. पण आईच्या घराची चढायला काय हरकत आहे?"

किराणावाला एकदम आत गेला. मला भावोजींची दया आली, आणि माझीही मान खाली गेली. मर्जी मी तरी कुठे विचारली होती?

पुन्हा खाली पाहिलं तर रस्त्यावर भावोजी नव्हते. टोपली रिकामीच लोंबकळत होती. रागावून गेले वाटतं, असं मी म्हणणार, एवढ्यात जिन्यात पावलं वाजली. पहिल्या मजल्यावर थांबली. दुसऱ्यावर बराच वेळ थांबली. मग दारात भावोजी उभे, घामाने निथळत, मुठीत यादी चुरगळलेली. तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी सातव्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही फी..."

"जास्त आहे?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "कमी... लावलीय."

सासूबाई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. हसूनच आलं असं मी धरून चालते. पलंगावर सरकून त्यांनी जागा केली. "बस. पाणी पी. मग ती सगळी यादी मला वाचून दाखव."

मी वकीलबाईला फोन लावला, उद्या पत्र जाऊ दे म्हणून सांगितलं. भावोजींनी नऊच्या नऊ ओळी वाचल्या. सासूबाईंनी त्यांना त्या पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावल्या.