सड्याचा कौल

एमाऊस विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत ‘स्थानिक समुदायाशी विचारविनिमयाची परंपरा’ असा एक परिच्छेद आहे. तो वाचणाऱ्या बाहेरच्या माणसाला सभा, इतिवृत्त आणि चहापान डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात तो विचारविनिमय दगडी मूर्तीला चिकटवलेल्या दोन ओल्या पाकळ्यांशी होतो. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. सुभद्रा राऊळ यांना हे विद्यार्थिदशेपासून ठाऊक होते आणि त्याची मनातल्या मनात पुरेशी टिंगल त्यांची करून झालेली होती.

परंपरा संस्थापकांची. फादर बोनाव्हेंचर गोव्याहून मालवणच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा त्यांना शाळेसाठी जागा हवी होती. खालच्या गावाने वरचा कातळाचा सडा, म्हणजे उघडे पठार, दाखवला, कारण तिथे काही उगवत नाही असे सर्वांचे एकमत होते. पण द्यायचा की नाही, हे रवळनाथाला विचारावे लागेल, असे मानकऱ्यांनी सांगितले. फादर सभामंडपाच्या कडेला चपला काढून उभे राहिले. गुरवाने मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली, म्हणजे उजवा कौल, म्हणजे देवाची संमती. शाळेचे कॉलेज झाले, कॉलेजचे खाजगी विद्यापीठ झाले, आणि प्रत्येक इमारतीचा पाया भरण्याआधी कुणीतरी झगा घातलेला माणूस त्या मंडपाच्या कडेला जाऊन उभा राहिला.

एकदाच डावा कौल आला. तेव्हा प्रार्थनामंदिर सड्याच्या माथ्यावर बांधायचे होते, ते मुकाट्याने उतारावर, कँटीनच्या खाली बांधले गेले. त्यामुळे आजही दुपारच्या प्रार्थनेत माशांच्या तिखट तिकल्याचा वास दरवळतो आणि पहिल्या वर्षाच्या मुलींना हसू आवरत नाही. मुली बहुतेक हिंदू, आतल्या गावांतल्या काजू-भाताच्या घरांतल्या. येशूच्या पुतळ्याला जाता-येता नमस्कार करतात आणि परीक्षेच्या काळात जास्त करतात. इथे गणपतीची सुट्टी नाताळच्या सुट्टीहून लांब असते, आणि त्याबद्दल रोमहून अद्याप विचारणा झालेली नाही.

सड्यावर काही उगवत नाही, हे मात्र खोटे होते. मुलींच्या वसतिगृहामागच्या कातळावर पावसाळ्यात बोटभर मातीच्या थरात सीतेची आसवे उगवतात, दीपकाडी उगवते, किडे पकडून खाणाऱ्या इवल्या वनस्पती उगवतात. सुभद्राबाईंनी नोकरी लागल्यावर तिथे चौकटी आखल्या आणि दर पावसाळ्यात गुडघ्यांवर बसून त्याच चौकटींत काय आले, काय गेले ते मोजले. एकाच कातळाची इतकी दीर्घ निरीक्षणे कोकणात फारशी कुणाकडे नव्हती. ती खंडित झाली तर पुन्हा सुरू करायला त्यांच्यापाशी नोकरीची वर्षे उरलेली नव्हती.

शताब्दीनिमित्त सभागृह बांधायचे ठरले. जागा दोन: खेळाचे जुने मैदान किंवा वसतिगृहामागचा सडा. कुलगुरू फादर लॉरेन्स फर्नांडिस यांच्या दालनात सड्यावरच्या सभागृहाची पुठ्ठ्याची प्रतिकृती मांडली, तेव्हा सुभद्राबाईंनी बांधकाम समितीतल्या एकेका सदस्याचा मनाशी अंदाज घेतला. क्रीडा विभाग मैदान सोडणार नाही. व्यवस्थापनाला समुद्र दिसणारी इमारत हवी. मतदान झाले तर सडा जाणार, याची शक्यता त्यांनी जवळजवळ पूर्ण धरली. कौलाचे गणित याहून सोपे होते. पाकळ्या दोन, त्यांतली एक आधी पडणार. शून्यापेक्षा निम्मी शक्यता मोठी असते, हे समजायला श्रद्धा लागत नाही.

म्हणून मतदानाआधी त्या उठल्या आणि म्हणाल्या, “संस्थापकांच्या परंपरेप्रमाणे गावाचा कौल घ्यावा, अशी माझी सूचना आहे.”

विद्यापीठाचा अभियंता जितेंद्र मेस्त्री काही बोलायला तोंड उघडत होता, ते त्याने मिटले. फादर लॉरेन्सांनी चष्मा काढून पुसला.

“सुभद्राबाई, ही सूचना तुमच्याकडून यावी, याचा मला आनंद आहे,” ते म्हणाले. “प्रश्नही तुम्हीच तयार करा. तुमच्याइतका नेमका कोण विचारील?”

त्यांनी प्रश्न नेमका तयार केला: सड्यावर बांधायला हरकत नसेल तर उजवा, असेल तर डावा.

ठरल्या सकाळी सगळे मंदिरात जमले. फादर मंडपाच्या कडेला अनवाणी उभे राहिले. हरिश्चंद्र गुरवाने पाकळ्या भिजवून मूर्तीला लावल्या. गावचे मानकरी दाजी गावकर यांनी हात जोडून गाऱ्हाणे घातले.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा! ही तुजी लेकरां आज तुज्या दारात इली आसत. पांढऱ्या झग्याचो पाद्री इलो आसा, शिकललीं माणसां इली आसत. ह्येंका सड्यार सभागृह बांधूचा आसा. तुजी हरकत नाय तर उजवो दी, आसात तर डावो दी. आणि जो कोण ह्येच्यात आडवो येयत, तेका उभो कर, म्हाराजा!”

“व्हय, म्हाराजा!” सगळे म्हणाले. फादरही म्हणाले. सुभद्राबाईही म्हणाल्या, लहानपणापासूनची सवय तोंडाला असते, तिला मताची गरज नसते.

मग त्यांचे लक्ष समईकडे गेले. ती मूर्तीच्या उजव्या हाताला, अगदी जवळ, पाच वाती लावून तेवत होती. ओल्या पाकळीला दगडाशी धरून ठेवतो तो पाण्याचा पातळ थर. उष्णतेने तो आधी उजवीकडे आटणार. निम्मी शक्यता ही धरून चाललेली गोष्ट होती, तपासलेली नव्हती. समई जरा बाजूला घ्या, एवढेच म्हणायचे होते. पण का, असे कुणी विचारले असते, आणि देवाचा कौल समईवर अवलंबून असतो असे सांगणारीनेच हा कौल मागितला होता. त्यांनी नजर समईवरून काढून पाकळ्यांवर ठेवली.

उजवी पाकळी सुटली आणि मूर्तीच्या पायाशी पडली.

“उजवो दिल्यान!” दाजी म्हणाले.

सुभद्राबाईंनी प्रसादाची साखर घेतली. ती गोड लागली की नाही, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

मंदिरातून परतताना सड्याकडे चढणाऱ्या घाटीच्या पायऱ्यांवर फादर त्यांच्या बरोबरीने चालू लागले. कॅम्पसबाहेर ते मालवणीतच बोलत. ते मूळचे आरोंद्याचे.

“बाईनू, तुमका वायट वाटला काय? तुमच्या झाडांचा आता कसा करतलास?”

“बघू.”

“माका खराच कळूक नाय. आमचा सगळ्यांचा मत मैदानाचाच होता. तुमची झाडां म्हणान. जितू, सांग मरे.”

“सडो फोडूचो म्हंजे काय खेळ आसा, मॅडम?” मागून जितेंद्र म्हणाला. “मी मैदानच धरललंय. स्पोर्टवाल्यांकपण पटवललंय. त्येंका तारकर्लीच्या वाटेर नवा मैदान गावतला.”

“मग ती प्रतिकृती?” त्यांनी विचारले.

“ती आर्किटेक्टान फुकट दिल्यान, म्हणान ठेयली,” फादर म्हणाले. “टेबलार बरी दिसता.”

सुभद्राबाई दोन पायऱ्या चढल्या, मग थांबल्या. त्यांनी समितीतल्या एकालाही विचारले नव्हते. आयुष्यभर विद्यार्थ्यांना त्या सांगत आल्या होत्या की जे मोजता येते ते गृहीत धरू नये. समितीचे मत मोजायला एक चहा पुरला असता.

“फादर, मतदान अजून घेता येईल,” त्या म्हणाल्या. “पाकळी समईच्या धगीने पडली. मी पाहिले आहे. तो योगायोगसुद्धा नव्हता.”

फादर मागे वळून पाहू लागले. दाजी काठी टेकत येत होते आणि त्यांनी ऐकले होते.

“इचारलेला परत इचारूचा नसता, बाईनू,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “पण माका एक सांगा. डावो पडलो आसतो, तर तुमी ह्यां सांगला आसता?”

खोटे बोलणे शक्य होते. त्यांनी प्रयत्न केला नाही.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“मगे झाला तर,” दाजी म्हणाले, आणि काठी टेकत पुढच्या पायऱ्या चढू लागले.

समितीच्या पुढच्या सभेत जागेचा ठराव सर्वानुमते संमत झाला. हात वर करणाऱ्यांत सुभद्राबाईंचा हात होता. तो आपलाच आहे, हे त्यांना पाहून कळले, जाणवले नाही. घरी येऊन त्यांनी आमटी गरम केली, जेवल्या, भांडी घासली. रडू येईल असे त्यांना वाटले होते. आले नाही, तेव्हा त्यांनी त्याची वाट पाहणे सोडून दिले.

जूनमध्ये वर्ग सुरू झाले. सड्यावर खडक फोडायचे यंत्र चालू होते. दर आघाताला खिडकीची तावदाने थरथरत आणि सुभद्राबाई दोन आघातांच्या मधल्या जागेत वाक्य बसवत. तिसऱ्या वर्षाच्या नम्रताने हात वर केला.

“मॅडम, फील्ड व्हिजिटला सड्यावर कधी जायचं?”

“या वर्षी सड्यावर नाही. तारकर्लीला. कर्ली नदीच्या मुखाशी खारफुटी पाहू.”

वर्गात एकच गलका झाला. कुणीतरी बाकावर हात आपटला. “काय सांगतास, मॅडम!” मागच्या बाकावरून एक मुलगी ओरडली. “सगळ्यांनी कपडे घेवन येवा गो, समुद्रात न्हावक मेळतला!” दुसरीने तिथे तळलेली सुंगटे, म्हणजे कोळंबी, कुठे चांगली मिळतात ते सांगायला सुरुवात केली, आणि तिला अडवून तिसरीने तिचे ठिकाण कसे चुकीचे आहे ते सांगितले.

सुभद्राबाई आवाज थांबेपर्यंत थांबल्या. मग फळ्याकडे वळून त्यांनी चिखलातून वर येणाऱ्या श्वासमुळांची आकृती काढायला घेतली.