कागदाचा कान

माझा थोरला भाऊ बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे. बोलणं इतकं बेताचं की तिथं त्याला सगळे 'सायलेन्सर' म्हणतात. वहिनी अगदी उलट. ती पोस्टात काउंटरवर बसते आणि घरी आली की दिवसभराची रांग एकेका माणसानिशी आमच्यासमोर पुन्हा उभी करते. दादा जेवता जेवता ऐकतो आणि शेवटी "हं" म्हणतो. त्या एका "हं"वर त्यांचा संसार बरा चालला होता.

वहिनीला नाद कागदाचा. तळहातावर मावतील असे नक्षीचे चौकोनी कागद घ्यायचे, प्रत्येकाची अगदी सारखी घडी घालायची, मग त्या घड्या एकमेकींच्या पोटात सरकवत गोल फिरत जायचं. शेवटची घडी पहिलीच्या पोटात शिरली की फूल तयार. ते भेटकार्डावर चिकटवायचं. नात्यागोत्यात कुणाला बढती मिळो की कुणाचा पाय मोडो, वहिनीचं कार्ड ठरलेलं. दादा मात्र त्या टेबलापासून चार हात लांब. "माझ्या बोटांना ग्रीस असतं," एवढंच म्हणायचा.

वहिनीला सातवा महिना सरत होता आणि तिचं बीपी एकाएकी चढलं. डॉक्टरांनी घाईनं सिझर केलं. मुलगी झाली, पण वेळेच्या फार आधी. तिला तडक खालच्या मजल्यावर नेऊन काचेत ठेवलं. वहिनी वरच्या मजल्यावर. त्यात टाक्यांमध्ये जंतुसंसर्ग झाला आणि तिला ताप भरला. ताप जाईपर्यंत बाळाजवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आत मोबाईल न्यायला बंदी, म्हणजे फोटोही नाही. घरातलं एकच माणूस मुलीला बघू शकत होतं, आणि ते म्हणजे आमचा सायलेन्सर.

मी डबा घेऊन गेले तेव्हा तो नुकताच खालून आला होता.

"कशी आहे?" वहिनीनं विचारलं.

"बरी आहे."

"बरी म्हणजे कशी? नाक कुणासारखं आहे?"

दादानं मनापासून विचार केला. "नाक आहे," तो म्हणाला.

मला हसू आलं, पण वहिनीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "माझ्या पोटची पोर," ती म्हणाली, "आणि मला तिच्याबद्दल काय ठाऊक, तर नाक आहे."

दादा पलंगाच्या पायथ्याशी नुसता उभा राहिला. त्याला सांगायचं नव्हतं असं नाही. वहिनीचा वेळ जावा म्हणून मी तिचा कागदांचा डबा आणून उशाशी ठेवला होता. तिच्या मनगटात सलाईनची सुई, त्यामुळे तो तसाच पडून होता. दादानं डबा उघडला. एक पातळ कागद काढला, नखाएवढा तुकडा फाडला आणि त्याची वरची कड खाली दुमडली. मग तो तुकडा वहिनीच्या तळहातावर ठेवला.

"कान," तो म्हणाला. "डावा."

वहिनी बघत राहिली. "एवढासा?"

"एवढाच. आणि असाच दुमडलेला. कुशीवर होती तेव्हा खाली दबला. सिस्टरनं तिला वळवलं तरी तसाच राहिला, घडी पडल्यासारखा. मग सिस्टरनं बोटानं उलगडून दिला."

वहिनी घाबरून उठायला गेली. "म्हणजे काही दोष आहे का हो?"

"नाही, मी विचारलं ना. कानातला ताठपणा यायचाय अजून. तो पोटात शेवटी शेवटी येतो म्हणे. आता पोटाबाहेर येईल."

"तू विचारलंस?" मी म्हणाले. पत्ता चुकला तरी रस्त्यात कुणाला न विचारणारा माझा भाऊ.

त्या दिवसापासून हा रिवाजच पडला. दादा खाली जाऊन मुलीला डोळ्यांनी मोजून यायचा. नटबोल्ट नुसते बघून कितीचा पाना लागेल ते सांगणारी त्याची नजर. वर आला की हात धुऊन डब्याशी बसायचा. कधी मूठ, कधी पाऊल, कधी झोपेत कपाळाला पडणारी आठी. वहिनी पडल्या पडल्या शिकवायची. "आधी कडा जुळवा. आता नखानं दाबा. अहो, बसचं चाक नाही ते, हलक्या हातानं." पावलाची घडी मी पाहिली तेव्हा मला वाटलं, काळजीपोटी हा सगळंच लहान करून दाखवतोय. ते माझ्या अंगठ्यापेक्षा फारसं मोठं नव्हतं.

मग एके दुपारी तो लिफ्टची वाट न बघता जिना चढून धापा टाकत आला.

"आज कान पुन्हा दबला होता," तो म्हणाला. "सिस्टर सरळ करायला आली. मी म्हटलं, जरा थांबता का?"

"मग?"

दादानं कार्डाचा जाड कागद घेतला, कड नुसती वाकवली, घडी न पाडता, आणि सोडली. कागद फटकन सरळ झाला. त्यानं मान हलवली. "असा नाही." पुन्हा वाकवली, आणि या वेळी बोट इतकं सावकाश उचललं की मी श्वास रोखून बसले. "असा. आपला आपण. कुणी हात लावला नाही." कागद त्यानं वहिनीच्या उशाशी ठेवला. "आमच्याकडे कुठलाही नट दाखव, कुणी आवळला ते मी सांगेन. हे कुणी केलं, सांग बघू? मी समोर उभा होतो, आणि मला कुणी दिसलं नाही."

वहिनीनं त्याचा हात घट्ट धरला.

त्याच आठवड्यात तिचा ताप हटला. व्हीलचेअर ढकलायला म्हणून मलाही गाऊन चढवून आत सोडलं. तिथं यंत्रांच्या बारीक आवाजापलीकडे कसलाच आवाज नव्हता. मोठी मोठी माणसं देवळात चालावं तशी चालत होती. काचेच्या पेटीत मी पहिल्यांदा माझी भाची पाहिली. कातडी इतकी पातळ की आतल्या निळ्या रेषा दिसत. प्रत्येक श्वासाला अख्खं अंग उचललं जात होतं, आणि ती ते काम एकटी, एकही श्वास न चुकवता करत होती. मी पाऊल बघितलं. दादानं जराही लहान केलेलं नव्हतं.

सिस्टरनं पोरीला नळ्यांसकट अलगद उचललं आणि वहिनीच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून चादर घातली. दिवसभराची रांग उभी करणारी माझी वहिनी, तिच्या तोंडून शब्द फुटेना. यंत्राच्या पडद्यावरचे तिच्या ठोक्यांचे आकडे आधी वरखाली होत होते, ते हळूहळू एका जागी ठरले. सिस्टरनं आम्हाला ते बोटानं दाखवलं. इतकी वर्षं हेच काम करूनही तिचे डोळे चमकत होते.

बऱ्याच वेळानं वहिनी दादाला म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ते सगळं तसंच आहे. पण ऊब नव्हती सांगितलीत."

"मला कुठे ठाऊक होती?" दादा म्हणाला. "मी एका बोटानं, हातमोजा घालून शिवलोय तिला."

सिस्टर हे ऐकत होती. "बाबांनाही घेता येतं छातीवर," ती म्हणाली. "आईचं झालं की तुम्ही बसा."

दादा स्वतःच्या हातांकडे बघू लागला. नखांच्या कडांना ग्रीसची काळी रेघ कायमचीच आहे, कितीही घासली तरी जात नाही. सिस्टरनंही ती बघितली, आणि तिनं फक्त खुर्ची पुढे ओढली. दादानं शर्टाची बटणं सोडायला सुरुवात केली.