बद्द बोललो तर बाबाजीचा

मित्रांनो, मी एक जुना टर्नबकल आहे. खरं सांगायचं तर अर्धाच आहे. उरलेला अर्धा रोह्याच्या अलीकडे एका भातखाचरात पडला, तो तिथेच राहिला. मी मात्र काचेच्या कपाटात बसलो आहे. माझ्या डाव्या हाताला प्लॅस्टिकचं जास्वंदीचं फूल आहे आणि उजव्या हाताला उदबत्तीचं घर. हात म्हणजे आपलं म्हणायचं. मला हात नाहीत, तोंडही नाही, आणि या गोष्टीतली सगळी अडचण तीच आहे.

टर्नबकल म्हणजे काय, हे तुम्हाला शाळेत शिकवलं नसेल. ट्रकवर जड माल चढवला की तो साखळीने बांधतात. साखळी हाताने कितीही ओढली तरी थोडी ढिली राहतेच. ते ढिलेपण काढायला मी. मधे एक लांबट लोखंडी चौकट, तिच्या दोन्ही टोकांना आटे पाडलेले दांडे, आणि दांड्यांच्या शेवटी हुक. चौकटीत टॉमी, म्हणजे हातभर लांबीची सळई घालून फिरवलं की दोन्ही हुक एकमेकांकडे सरकतात आणि साखळी ताठ होते. दोन टोकांना जवळ ओढायचं आणि गप्प राहायचं, एवढंच माझं काम. यातलं दुसरं काम जास्त अवघड असतं, हे मला पुढे कळलं.

माझा जन्म पेणचा. साल त्र्याऐंशी. पेणला जन्मलेल्या पुष्कळ जणांची लोक पुढे पूजा करतात, पण ते मातीचे असतात. मी लोखंडाचा. बाबाजी लोहाराने मोडक्या गाडीचा ॲक्सल तापवून माझे हुक घडवले आणि शेजारच्या लेथवर आटे पाडून घेतले. मला न्यायला कान्हू आला. रोह्याच्या हैबतरावांच्या ट्रकवर तो ड्रायव्हर होता. धरमतरच्या खाडीकाठी त्याचं घर. घरातले सगळे मिठागरावर. स्टिअरिंग धरणारा हा पहिलाच.

बाबाजीने मला त्याच्या हातात दिलं, पण लगेच सोडलं नाही.

"कान्हू, लोखंडाला तोंड नसतं. त्याला बोलतं करायला लागतं. दर अवसेला हातोडी मारून बघ. टण्ण बोलला तर तुझा. बद्द बोलला तर माझा. तसाच घेऊन ये."

"तुजा कसा? शेठनी घेतलाय ना?"

"टर्नबकल शेठचा. भेग पडली की माझा. मी बघतो काय करायचं ते."

कान्हू हसला. पण त्याने ते पाळलं. दर अमावास्येला तो ट्रकच्या हौद्यात उकिडवा बसायचा, मला साखळीतून सोडवून हातावर लोंबकळत धरायचा आणि छोट्या हातोडीने ठोका द्यायचा. आधी विचारायचा, "काय रं, हायस ना?" मी म्हणायचो, "टण्ण." तो म्हणायचा, "बरा हायस." आमचं बोलणं एवढंच. पण मित्रांनो, आयुष्यात महिन्यातून एकदा का होईना, आपण कसे आहोत असं विचारून उत्तर येईपर्यंत थांबणारा माणूस भेटणं ही साधी गोष्ट नाही.

आमचा माल म्हणजे लोखंडी पत्र्याची प्रचंड गुंडाळी. तिला सगळे कॉइल म्हणतात. धरमतरच्या जेट्टीवर बार्जमधून ती उतरायची आणि रोह्याच्या पिंपं बनवणाऱ्या कारखान्यात जायची. एकेक कॉइल आठ टनांची. खाली लाकडी ठोकळे, पोटातून साखळ्या, आणि साखळ्यांवर आम्ही दोघं: मी आणि माझ्या जोडीचा एक टर्नबकल. आमच्या पुढे केबिन. केबिनमध्ये कान्हूची पाठ. तीन वर्षं मी त्या पाठीकडे बघत रोह्याला गेलो. एखादी पाठ इतकी वर्षं बघितली की ती आपलीच वाटायला लागते.

मग गडब गावाजवळ म्हैस आडवी आली. गाडी बघून म्हैस बाजूला होईल असं कान्हूला वाटलं. म्हशीला वाटलं, गाडी थांबेल. म्हशीचा अंदाज बरोबर निघाला. कान्हूने करकचून ब्रेक दाबला, आणि आठ टनांची कॉइल ठोकळे उडवून पुढे निघाली. माझ्या जोडीदाराचा हुक काडीसारखा सरळ झाला. सगळा भार माझ्यावर आला. मी धरून ठेवलं. कॉइल केबिनच्या मागच्या पत्र्यापासून चार बोटांवर थांबली.

त्या क्षणी माझ्या हुकाच्या मानेत काहीतरी बारीक 'चर्र' झालं. केसाएवढी भेग. दुसऱ्या कुणाला ऐकू जाण्यासारखा आवाज नव्हता.

कान्हू खाली उतरला. आधी त्याने म्हशीला शिव्या दिल्या, मग मागे आला, ती चार बोटं बघितली आणि भर रस्त्यात मटकन बसला. दुकानांतली माणसं धावत आली. कुणी त्याला पाणी दिलं, कुणी म्हणालं, "ह्यानं वाचवला तुला. नारळ फोड ह्याला." नारळ आणला. फोडायला दगड सापडेना. तेव्हा तो माझ्यावरच फोडला. अगदी मानेवर.

माझ्या कीर्तीची सुरुवात तिथून झाली.

हैबतरावांनी स्वतः येऊन मला हळदकुंकू लावलं. पुढच्या अमावास्येला कान्हू हातोडी घेऊन हौद्यात चढला. मी मनात म्हटलं, आता विचार. आज माझं उत्तर वेगळं आहे. त्याने तोंड उघडलंच होतं, "काय रं..." एवढ्यात खालून हैबतराव ओरडले, "अरे कान्हू! ज्यानं जीव वाचवला त्याला हातोडी मारतोस? देवाला कुणी मारतं का?"

कान्हू ओशाळला. त्याने हातोडी खाली ठेवली आणि मला हात जोडले.

त्या दिवसापासून आमचं बोलणं संपलं. पूर्वी तो विचारायचा, आता मागायला लागला. "सांबाळ रं बाबा," असं म्हणून तो गाडी सुरू करायचा. माझ्या जोडीला नवा टर्नबकल आला. शिवाय आणखी एक नवा कोरा, ग्रीस लावलेल्या कागदात गुंडाळून, गॅरेजच्या खिळ्याला टांगला. अडीअडचणीला असावा म्हणून. पण देव असताना त्याची अडचण कुणाला पडणार? तो बिचारा कागदातच राहिला. मला त्याचा हेवा वाटायचा. त्याला वाटत असेल, आपल्याला कुणी विचारत नाही. मला तरी कुठे विचारत होते?

खंडेनवमी आली. कारखान्यात, गॅरेजात, घराघरांत त्या दिवशी अवजारं धुऊन पुसून पूजतात. हैबतरावांच्या गॅरेजात अवजारं रंगवायची पद्धत. जॅक, पाने, साखळ्या, सगळ्यांना चांदीचा रंग. मला रंगाचे दोन हात. रंगवणाऱ्याने ब्रश मानेवरून फिरवला, तो भेगेवर किंचित अडखळला, मग त्याने तिथे जरा जास्त रंग भरला. मी आरशासारखा चकाकायला लागलो. दुसऱ्या वर्षीही तेच. दर फेरीला भेग एवढीशी वाढायची आणि दर खंडेनवमीला ती झाकली जायची. इतका मान आणि इतकं दुर्लक्ष एकाच वेळी वाट्याला येणं फार थोड्यांच्या नशिबात असतं.

तिसऱ्या खंडेनवमीला कान्हूची बायको जनी झेंडूच्या माळा घेऊन रोह्याला गॅरेजात आली. मिठागरावर काम करणारी बाई. बोलायला सडेतोड. पेणच्या बाजारात मडकं घेताना ती बोटाच्या सांध्याने सगळी मडकी वाजवायची आणि मडकेवाला वैतागायचा. रंगवलेले टर्नबकल दोरीवर ओळीने टांगले होते. तिने सवयीने नारळ फोडायचा दगड उचलला आणि ओळीने वाजवत गेली.

टण्ण. टण्ण. टण्ण. मग मी.

बद्द.

ती थांबली. परत वाजवलं. मी जिवाच्या आकांताने बोललो, "बद्द."

"अवो," तिने कान्हूला हाक मारली, "ह्यो फुटका हाय."

गॅरेजातले सगळे हसले. कान्हूही हसला. "मडकं हाय काय गो ते? कालवन कराचा हाय त्याच्यान?"

"मडकं नाय, पन आवाज मडक्याचाच हाय. तुमीच वाजवून बगा."

हैबतराव पुढे आले. माझ्याकडे, मग तिच्याकडे बघून समजुतीच्या सुरात म्हणाले, "जनीबाई, रंग ओला आहे अजून. ओल्या रंगात आवाज दबतो."

"मंग बाकीच्यांचा रंग काय सुका हाय?"

यावर एकाने घंटा वाजवायला सुरुवात केली. चांगली घंटा होती. टण्ण वाजत होती.

कान्हूचं हसू मावळलं होतं. त्याने कोपऱ्यातली हातोडी उचललेली मी बघितली. बाबाजीचे शब्द त्याला आठवले असावेत, कारण तो माझ्या मानेकडे बघत होता. मित्रांनो, त्याच्या आणि माझ्या मधे तेव्हा फक्त एक ठोका होता. पण समोर शेठ होते, निरांजन लावलेलं होतं, सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने हातोडी परत ठेवली.

"रंग सुकला का बगतो," तो जनीला हळूच म्हणाला.

"बगा हां. इसराचं नाय."

"नाय इसरत, जा गो."

रंग सुकला. दसरा झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बार्ज लागला. जेट्टीवर घाई. कान्हूने साखळी ओढली, मला अडकवलं, टॉमी घातली. माझ्या हुकात झेंडूची माळ अजून तशीच होती. हातोडी घ्यायची तर आधी माळ काढावी लागणार होती. त्याने माळेला हात लावला, आणि मग तो हात कपाळाला लावला.

"सांबाळ रं बाबा."

गडब गेलं, तिथे त्याने नेहमीप्रमाणे हॉर्न वाजवून मला मान दिला. नागोठणं गेलं. माझ्या मानेतली भेग प्रत्येक खड्ड्याला उघडत होती. समोर त्याची पाठ होती. शर्ट नवा होता, दसऱ्याचा. मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो. ढिला पडू शकत असतो तर आधीच ढिला पडून दाखवलं असतं. पण टर्नबकलला स्वतःहून ढिलं पडता येत नाही. आम्ही तुटेपर्यंत ताठच असतो. म्हणून तर बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

रोह्याच्या अलीकडच्या वळणावर समोरून एसटी आली. कान्हूने ब्रेक दाबला. फार जोरात नाही. नेहमीइतकाच.

मी तुटलो.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. जोडीदाराची साखळी एकटीला पेलली नाही. कॉइल केबिनमध्ये शिरली. भात कापणारी माणसं विळे टाकून धावली. त्यांनी कान्हूला बाहेर काढलं तेव्हा तो जिवंत होता. डावा पाय मात्र गुडघ्याखाली वाचला नाही.

मला बांधावरून जनीने उचललं. नवऱ्याला दवाखान्यात पोचवून ती परत त्या जागी आली होती. तिने मला पदराने पुसलं आणि मोडलेली बाजू उन्हात धरली. निम्मी बाजू ताजी, चकचकीत. निम्मी काळी, गंजलेली. आणि त्या काळ्या भागात आतपर्यंत झिरपलेल्या चांदीच्या रंगाच्या रेघा. एक फिकट, एक त्याहून जरा ठळक, आणि एक अगदी नवी. तिने बोटाने त्या मोजल्या.

तसंच जाऊन तिने मला हैबतरावांच्या टेबलावर ठेवलं. "शेठ, ह्यो रंग आत कसा गेला?"

हैबतरावांनी मला उचलून त्या रेघांवरून बोट फिरवलं. ते वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. त्यांनी कान्हूच्या दवाखान्याचं सगळं केलं, पुढे त्याला ऑफिसात बसायचं काम दिलं. त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं. आणि मग ते म्हणाले, "बघा जनीबाई. स्वतः मोडला, पण जीव राखला कान्हूचा. पायावर निभावलं. केवढी कृपा!"

जनीने तोंडात आलेलं काहीतरी गिळलं. मला वाटतं, ती शिवी होती.

दुसऱ्याच आठवड्यात सुतार आला आणि माझ्यासाठी काचेचं कपाट झालं.

कान्हू आता माझ्या समोरच्या खुर्चीत बसतो. कुबडी भिंतीला टेकवलेली. जे ट्रक माल आणायला निघतात, त्यांचे टर्नबकल, हुक, साखळ्या आधी त्याच्याकडे येतात. तो छोट्या हातोडीने एकेकाला ठोका देतो. ड्रायव्हर लोक हसतात. "कान्हूशेट, भजन केवा सुरू?" तो म्हणतो, "टाळ तर वाजू दे आधी." एकदा 'बद्द' आलं तेव्हा कुणी हसलं नाही. तो हुक त्याच दिवशी एसटीने पेणला गेला. खिळ्यावरचा तो कोरा टर्नबकल कागदातून निघून कामाला लागला. मला बरं वाटलं.

पण माझ्याकडे कान्हू बघत नाही.

परवा खंडेनवमी झाली. रंगाचा डबा उघडला. कपाट उघडून मला चौथ्यांदा रंग दिला. मग हैबतराव कौतुकाने म्हणाले, "अरे, कान्हूच्या त्या हातोडीलाही द्या रंग. तिच्यामुळं सगळ्यांचे जीव वाचलेत. आण रे कान्हू, पूजेत ठेवू. आता कपाटातच राहू दे तिला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कान्हू उठला. उठायला त्याला वेळ लागतो. त्याने एका हाताने कुबडी धरली, दुसऱ्या हाताने हातोडी पाठीमागे लपवली, आणि चुकलेल्या पोरासारखा भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"नाय शेठ," तो म्हणाला. "ही नाय देणार."

शेठ हसले. "अरे, मान आहे तो."

"म्हायती हाय," कान्हू म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

हातोडी वाचली. या वर्षी तरी.

तर मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, रस्त्यावर तुमचा भार मुकाट्याने धरून बसलेलं कुणी असेल. त्याला हार घाला, रंग द्या, माझी ना नाही. पण आधी वाजवून बघा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आणि कधी पेणला गेलात तर बाबाजी लोहाराच्या भट्टीवर एक निरोप द्या. त्याला म्हणावं, तुझा एक टर्नबकल रोह्याला काचेच्या कपाटात अडकला आहे. तो चार वर्षांपासून बद्द बोलतो आहे. कराराप्रमाणे तो तुझा आहे. येऊन घेऊन जा.