बटण निघणार नाही

अंधेरीच्या ऑफिसात चंद्रप्रकाश सरांचा मेसेज वाचून दर्शनाचं डोकंच फिरलं. ‘जागं करणारं बटण काढून टाक. आजच.’

आजारी माणसाच्या उशाशी ठेवायचं एक छोटं यंत्र ते बनवत होते. बॅटरी पुरावी म्हणून ते एरवी झोपलेलं असे. बटण दाबलं की जागं होऊन घरच्यांना फोन लावी. यंत्रातल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये त्या बटणाचं वर्णन दर्शनानेच लिहिलं होतं: ते कुठल्या पिनला जोडलंय, दाबल्यावर काय बदलतं, आणि त्याला बोर्ड झोपेतून उठवायची मुभा आहे.

ती तडक केबिनमध्ये गेली.

"अगं, बॅटरी खातंय ते," सर म्हणाले. "कोणी हात लावला नाही तरी बोर्ड उठतो. फोनमधल्या ॲपवरून उठवू ना."

"माझी शकुआत्या दहिसरला एकटी असते, सर. अर्धांगाने उजवा हात गेलाय. फोन उघडता आला असता, तर तिला हे यंत्र कशाला लागलं असतं?"

"सगळे तुझ्या आत्यासारखे नसतात."

"आपलं गिऱ्हाईक तेच आहे ना?"

"वाद नको. काढ."

ती जागेवर आली आणि बोर्ड किती वीज खातो ते मोजायला तो मीटरला जोडला. नव्या बोर्डावर पिन स्थिर ठेवणारा एक रेझिस्टर बसवायचा राहिला होता. त्यामुळे पिन अधांतरी राही आणि जवळून नुसता हात गेला तरी बोर्डाला वाटे, बटण दाबलं. चिपच्या आत तसाच एक रेझिस्टर असतो, तो चालू करणारी खूण तिने वर्णनात घातली. मग दुपारभर बोर्ड ढिम्म झोपून राहिला. बटण दाबताच टुणकन उठला.

ती बोर्ड, मीटर आणि लॅपटॉप घेऊन पुन्हा केबिनमध्ये गेली. सरांनी मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी काढ म्हटलं होतं."

"नाही काढणार." दर्शनाने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. "तुम्ही काढा. फाइलमध्ये बदल कोणी केला त्याची नोंद होते, तिथे तुमचं नाव राहील."

सरांचा हात कीबोर्डवर नुसताच राहिला. मग त्यांनी लॅपटॉप मिटला.

"राहू दे बटण. पण सोमवारपासून तू या प्रोजेक्टवर नाहीस."

पहिल्या दिवसापासून हे काम दर्शनाचं होतं.

"चालेल," ती म्हणाली.

बाहेर येऊन तिने बोर्ड शेजारच्या प्रितमच्या टेबलावर ठेवला. "आता हे तू बघायचंस."

"आणि सर परत काढ म्हणाले तर?"

"तर नाही म्हणायचं. सोपं असतं रे."