मन मोकळं करायची खोली

रुग्णालयानं परिचारिकांच्या मनाची काळजी घ्यायचं ठरवलं, तेव्हाच खरं तर सगळ्यांनी सावध व्हायला हवं होतं. साधे मास्क देताना हात आखडणारी माणसं एकदम मनापर्यंत पोचली म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं. वारज्याच्या त्या खासगी रुग्णालयात एक खोली रिकामी करून समुपदेशक बाई आणून बसवल्या. बाई मायेनं विचारायच्या, झोप लागते का, रडू येतं का, आणि ऐकलेलं सगळं मेट्रनच्या कानावर घालायच्या.

तिथल्या आयसीयूत परिचारिका असलेल्या आम्रपालीला हे कळलं ते मैत्री नावाच्या तिच्या सहकारी परिचारिकेमुळे. मैत्री आत जाऊन पोटभर रडली आणि आठवड्याच्या आत 'आयसीयूच्या कामाला मनानं खंबीर नाही' म्हणून तिला घरी बसवलं. तेव्हापासून आम्रपालीनं तोंड शिवून घेतलं. घरी भात शिजताना तिलाही मॉनिटरचा आवाज ऐकू यायचा. पण तिच्या नवऱ्याचा, समाधानचा, बुधवार पेठेतला मोबाइल दुरुस्तीचा गाळा बंद पडला होता. घर तिच्याच पगारावर चाललं होतं. त्यामुळे बाईंना ती हसून सांगायची, झोप अगदी छान लागते.

कोविडची दुसरी लाट ओसरली आणि मेट्रननं सांगून टाकलं, आम्रपाली आणि ओवी यांच्यातल्या एकीलाच ठेवणार. ओवी शिक्षण संपवून थेट कोविड वॉर्डात येऊन पडलेली पोर. शेवटच्या घटका मोजणाऱ्यांच्या तोंडासमोर व्हिडिओ कॉल धरून उभं राहायचं काम तिच्याकडे होतं. आता कुणाचाही फोन वाजला की ती दचकायची. कामाला मात्र वाघीण होती, आणि आम्रपालीला धास्ती होती ती त्याचीच.

एका दुपारी डबा खाताना ओवीनं विचारलं, त्या बाईंना सगळं सांगू का, की उगाच बभ्रा होईल?

आम्रपालीचा घास हातातच राहिला. मैत्रीचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. ते तिनं भाताबरोबर गिळलं.

"सांग की. बोललं की बरं वाटतं," ती म्हणाली.

ओवी गेली. डोळे सुजवून परत आली आणि तिनं आम्रपालीला मिठीच मारली.

महिना सरायच्या आत ओवीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. आम्रपालीची नोकरी कायम झाली. तिला लाज वाटली, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोला.

चार दिवसांनी ओवीचा फोन आला. आता ही शिव्या घालणार म्हणून आम्रपाली श्वास रोखून ऐकत राहिली.

"ताई, मी बोलले ते सगळं त्या बाईंनी मेट्रनला सांगितलं," ओवी रडत म्हणाली. "तुम्ही चुकूनही काही बोलू नका हं त्यांच्यापाशी. तुमची तरी नोकरी टिकू दे. तुम्हाला बिचारीला काय माहीत, त्या अशा आहेत म्हणून."

"नाही गं," आम्रपाली म्हणाली, "मला कुठून माहीत असणार?"